गाड्या कमी झाल्या की तुंबल्या?

वाशीमच्या पाटणी चौकात गटारासाठी अर्धा रस्ता खोदला आहे, असं समजू. खांबावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात संगणकानं एक रेघ आखली आहे; ती ओलांडणारी प्रत्येक गाडी मोजली जाते. तासाचा आकडा निम्म्यावर आला. लोकांनी वाट बदलली? असेलही. पण गाड्या रेघेअलीकडे तुंबल्या, तरी आकडा निम्माच येणार!

म्हणून आपण २० मीटरवर दुसरी रेघ आखू. समजा, कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं टिपतो. दोन रेघांमध्ये गाडीला ५० चित्रं लागली, तर २ सेकंद झाले. वेग ताशी ३६ किलोमीटर. ५०० लागली, तर ३.६, चालणारा माणूसही पुढे जाईल. ही कोंडी.

शिवाय सोयाबीन घेऊन बाजार समितीकडे निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मोपेड, दोन्ही 'एक'च कशा धरायच्या? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या शहरी रस्त्यांसाठीच्या कोष्टकात मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, तर ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ धरली आहे. शाळेच्या खिडकीतून विद्यार्थ्यांना दोन्ही बेरजा करायला सांगा: नुसत्या गाड्यांची आणि या कोष्टकानुसार. कॅमेरा नसला तरी चालेल; दोन खुणा आणि सेकंदकाट्याचं घड्याळ पुरे.