खाजकुयलीच्या शेंगेत काय दडलंय?

पावसाळा सरला की रानातल्या कुंपणांवर मखमली लव असलेल्या, बाकदार शेंगा लटकू लागतात. दिसायला देखण्या, पण गुराखी त्यांना वळसा घालूनच जातो. ही खाजकुयली! चुकून हात लागला, तर माणूस अंगातला सदरा काढून नाचू लागतो.

आता गंमत बघा. शेंगेवरचा प्रत्येक केस म्हणजे नैसर्गिक सुई. ती कातडीत शिरते आणि म्युक्युनेन नावाचं प्रथिन आत सोडते. प्रथिनं कातरणारं हे प्रथिन खाजेच्या मज्जातंतूंची कळ थेट दाबतं. पित्तावरची नेहमीची गोळी या खाजेपुढे फारशी चालत नाही, कारण खाजेची ही वाटच वेगळी आहे.

पण खरं नवल शेंगेच्या आत आहे. तिथे पोहोचायला मात्र आपल्याला दुसऱ्याच एका झाडाच्या मुळापासून निघावं लागेल.

ते झाड सर्पगंधा. तिच्या कडू मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं आणि जगाचं लक्ष वेधलं. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं.

रेसर्पिन करतं काय? मज्जापेशी आपले रासायनिक निरोप इवल्याशा पिशव्यांत साठवतात, शेतकरी कणगीत धान्य साठवतो तसे. रेसर्पिन या कणगीचं तोंडच बंद करतं. धान्य खळ्यावर उघडं पडतं, पाखरं ते फस्त करतात आणि गरजेच्या वेळी कणगी रिकामी! निरोपच जाईनात, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून, दगडासारखे निपचित बसले. मग त्यांनी सशांना एल-डोपा नावाचं एक साधं अमिनो आम्ल टोचलं. थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले! मेंदूत पाहावं तर परत आलं होतं डोपामिन. तोवर ज्याला कुणी फारशी किंमत देत नव्हतं, ते हे रसायन हालचालींचं सूत्रधार निघालं.

लगेच पुढचा धागा जुळला. पार्किन्सनच्या रुग्णांचंही असंच नव्हतं का? हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, चेहरा थिजतो. १९६० साली व्हिएन्नात अशा मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालींशी निगडित भागांत डोपामिन फार कमी आढळलं. मग थेट डोपामिनच का देऊ नये? कारण मेंदूच्या दारावर कडक पहारा आहे. डोपामिनला तो आत सोडत नाही. एल-डोपा मात्र अमिनो आम्लांच्या रोजच्या दारातून बिनबोभाट शिरतं आणि आत गेल्यावर डोपामिन बनतं. पुढल्याच वर्षी रुग्णांना ते टोचलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली.

आणि हे एल-डोपा निसर्गात भरपूर कुठे असतं? आपल्या खाजकुयलीच्या बियांत! दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते या बियांतून १९३७ सालीच वेगळं काढलं होतं, म्हणजे सशांच्या वीस वर्षं आधी. आयुर्वेदातल्या वैद्यांची ही कपिकच्छू. एका झाडाच्या द्रव्याने ससे थिजवले आणि दुसऱ्याच्या बियांत असलेल्या द्रव्याने ते जागे केले!

कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. पाठोपाठ २००१ साली विल्यम नोल्स यांनाही मिळालं, कारण त्यांच्या रसायनविद्येमुळे एल-डोपा कारखान्यात हवं तेवढं तयार होऊ लागलं. आज पार्किन्सनवरचं ते प्रमुख औषध आहे.

खाजकुयलीच्या वेलीची गोष्ट तिथेही संपली नाही. २००४ साली लंडनच्या एका छोट्या चाचणीत, आठ रुग्णांवर, तीस ग्रॅम बीजचूर्णाचा गुण सरासरी सुमारे ३५ मिनिटांत दिसला, तर नेहमीच्या गोळीला जवळपास ६९ मिनिटं लागली. असं का, याचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

पण म्हणून घरच्या आजोबांसाठी बिया कुटायला बसू नका. दर बीत एल-डोपा सारखं नसतं, गोळीत मात्र ते मोजून घातलेलं असतं. मुळी किंवा बी गुणकारी आहे एवढं कळून भागत नाही. तिच्यातलं नेमकं काय, किती आणि कसं काम करतं हे कळलं, की तिचं औषध होतं.