सॉल्टेअर : मिलच्या गावी एक दिवस

भारतातून कुणी आलं की आपण त्यांना लंडन दाखवतो, यॉर्क दाखवतो, लेक डिस्ट्रिक्टला नेतो. लालबागहून आलेले आमचे बाबा एवढ्यानेच दमले. "आता कुठंतरी जवळ न्या," म्हणाले. म्हणून एका शनिवारी लीड्सहून रेल्वेने सॉल्टेअरला गेलो. स्किप्टनच्या बाजूला जाणारी, मधल्या स्टेशनांवर थांबणारी गाडी पकडली की साधारण पाव तासात गाव येतं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पुढे पंधरापर्यंत अर्धं. पोळी-भाजीचा डबा गाडी सुटायच्या आतच उघडला गेला, हे वेगळं सांगायला नको.

स्टेशनाला लागूनच मिल आहे. ब्रॅडफर्डचा धूर आणि रोगराई सोडून टायटस सॉल्ट या लोकर कारखानदाराने ती एअर नदीकाठी बांधली. त्याचं आडनाव आणि नदी जोडून गावाचं नाव झालं. 20 सप्टेंबर 1853 रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, मिल सुरू झाली. अल्पाकाच्या केसांचं कापड ही त्याची खासियत. (मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा अल्पाकात फारच कमी असतो. रसायनशास्त्राची सवय, दुसरं काय!) मिल 1986 मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि तिथे डेव्हिड हॉकनींची चित्रं, पुस्तकांचं दुकान, उपाहारगृह असं सगळं आलं. प्रवेश मोफत आहे.

बाबा 1976 साली परळच्या एका मिलमध्ये बदली म्हणून लागले, विणाईखात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांना परत बोलावणं आलंच नाही. घरात हा विषय निघत नाही. खरं सांगायचं तर सहल ठरवताना आमच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. दारात पोचलो तेव्हा आलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बाबा मात्र सरळ आत गेले. चित्रांकडे त्यांनी पाहिलंच नाही. बिडाच्या एका खांबावर तळहात ठेवून बराच वेळ वर छताकडे बघत राहिले. "माग कुठं गेले?" त्यांनी विचारलं. "विकले असतील," आम्ही म्हणालो. "भंगारात," त्यांनीच दुरुस्त केलं, तेही नेहमीच्या मोठ्या आवाजात. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आहेत. दोन-चार लोकांनी वळून पाहिलं.

मग कामगारांच्या घरांकडे गेलो. गल्ल्यांना मालकाच्या बायकामुलांची नावं आहेत. प्रत्येक घराला मागच्या अंगणात स्वतंत्र संडास होता, हे कळल्यावर बाबा थबकले. चाळीत सकाळी रांगेत उभं राहून त्यांची अर्धी जिंदगी गेली. शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरं, सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "घर कुणाच्या नावावर?"

"मिलच्या."

"म्हंजे संप केला तर घर पण गेलं."

माहितीफलक वाचताना आम्हाला हे सुचलं नव्हतं. 2001 पासून हे गाव जागतिक वारसा आहे, हे सांगायचं आम्ही मग राहूनच दिलं.

पूल ओलांडून रॉबर्ट्स पार्कमध्ये बसलो. तिथे पितळी रंगाचे अल्पाका आहेत. लहान मुलांना घेऊन जाल तर तासभर निश्चिंत. आमची नऊ वर्षांची लेक मात्र आजोबांना चिकटून होती. "आजोबा, तुम्ही मिलमध्ये काय करायचात?" आम्ही जे कधी विचारलं नाही, ते तिने सहज विचारलं.

बाबांनी मफलरचे सुटलेले दोन धागे तोडले. "बघ गो. धागा तुटला की माग थांबवायचा नि अशी गाठ मारायची. कापडात दिसली नाय पायजे." बोटं एकदा फिरली आणि गाठ तयार. आम्हाला काही कळलं नाही.

परतीच्या गाडीत ती तेच करत बसली होती. शिपली गेलं तरी जमेना. लीड्सच्या जरा अलीकडे जमलं. बाबांनी धागा खिडकीच्या उजेडात धरला, दोन्ही टोकं ओढून पाहिली आणि म्हणाले, "जाड झाली. परत मार."