मुरुमांचे मलम, कर्करोगाची कॅप्सूल : दुष्परिणाम लपवू नका, नोंदवा

लातूरच्या गंजगोलाईतील किंवा नांदेडच्या वजिराबादेतील कोणत्याही औषध दुकानात मुरुमांवरची जी मलमे मिळतात, त्यांपैकी काहींत ‘ट्रेटिनॉइन’ नावाचे द्रव्य असते. परळच्या टाटा रुग्णालयात एका विशिष्ट प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर जी कॅप्सूल देतात, तिच्यातही हेच ट्रेटिनॉइन असते. एकच औषध एका घरी लग्नाळू मुलीच्या प्रसाधनपेटीत असते, तर दुसऱ्या घरी कुणाच्या प्राणांचा आधार असते. त्याच्या दुष्परिणामांविषयी मात्र दोन्ही घरांत दोन टोकांची वृत्ती दिसते. मलमाच्या बाबतीत आपण अगदी निर्धास्त असतो. कॅप्सूलच्या बाबतीत सोबतची माहितीपत्रिका वाचूनच आपले हातपाय गळतात. या दोन्ही वृत्ती हानिकारक आहेत. दुष्परिणाम म्हणजे नेमके काय, तो कोणाला सांगायचा आणि औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचे, एवढे कळले तरी पुष्कळ नुकसान टळते.

मूळ एक, रूपे अनेक

ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणारे आम्ल आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये तेथे मलमास मान्यता मिळाली. त्याचेच भावंड म्हणजे ‘आयसोट्रेटिनॉइन’. ते १९८२ पासून तीव्र मुरुमांसाठी पोटात घेण्याच्या कॅप्सूलच्या रूपाने वापरात आले. नावांतील साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. म्हणून चिठ्ठीवरील नाव अक्षर न् अक्षर वाचावे आणि आपण लावतो ते मलम की घेतो ती कॅप्सूल, हे पक्के ठाऊक असावे.

चेहऱ्यावरचे मलम

ट्रेटिनॉइनच्या मलमाने पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लाल होते, आग होते, पापुद्रे निघतात. मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. हा परिणाम अपेक्षित असतो आणि बहुधा ओसरतो. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते, म्हणून कित्येक जण दुसऱ्याच आठवड्यात मलम टाकून देतात, तर काही जण लवकर गुण यावा म्हणून दुप्पट लावतात. वाटाण्याएवढे मलम पूर्ण चेहऱ्याला रात्री पुरते. ते लावत असताना त्वचा उन्हाला हळवी होते. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी दुचाकीवर फिरणाऱ्याने चेहरा झाकणे आणि ऊन-रोधक क्रीम लावणे आवश्यक आहे. या काळात चेहऱ्याला वॅक्सिंग करू नये. गरोदरपणात हे मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

खरा धोका आहे तो मिश्र मलमांत. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड ही तिन्ही एकत्र असलेली मलमे वांगाच्या डागांवर थोड्या काळासाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरण्याची आहेत. आपल्याकडे ती ‘गोरे होण्याची क्रीम’ म्हणून महिनोन् महिने लावली जातात. भारतातील बारा त्वचारोग केंद्रांत झालेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. दुकानदार, मैत्रीण, शेजारी, पार्लर यांच्या सल्ल्याने ते सुरू झाले होते. सर्वांत अधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरुम! ज्यासाठी मलम आणले, तेच त्याने वाढवले. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम थांबवताच आग-आग होते. मग माणूस पुन्हा तेच मलम आणतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने हा प्रश्न लावून धरल्यानंतर केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. कायदा झाला, तरी त्याचा अंमल शेवटी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती असतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या ठोक व किरकोळ व्यापारात आहेत. ओळखीचे गिऱ्हाईक दारात उभे असताना ‘चिठ्ठी आणा’ म्हणणे जड जाते, हे खरे. पण दुसऱ्याच्या देहाला आपल्या व्यवहारातून इजा होऊ नये, हा आपल्या व्यापाराचा पहिला नियम आहे.

पोटात घ्यायची कॅप्सूल

‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने परगावाहून आलेली सतरा-अठरा वर्षांची हजारो मुले-मुली लातुरात शिकतात, नांदेडच्या शिकवण्यांतही तशीच गर्दी असते. वय मुरुमांचे, अभ्यासाचा ताण, घरचे माणूस जवळ नाही. अशा वेळी खोलीतील मित्राच्या चिठ्ठीवर स्वतःसाठी आयसोट्रेटिनॉइन आणणे सोपे असते. हे औषध गुणकारी आहे यात शंका नाही. त्याने ओठ फुटणे हे जवळजवळ प्रत्येकाला होते. डोळे व नाक कोरडे पडते, अंग दुखते. रक्तातील चरबी वाढू शकते, यकृतावर परिणाम होऊ शकतो. म्हणून रक्ततपासणी सांगितलेली असते, ती चुकवू नये. उदासी व नैराश्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. औषधाशी त्यांचा कार्यकारण-संबंध सर्व अभ्यासांत सारखा दिसलेला नाही. तरीही ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ पासून अठरा वर्षांखालील रुग्णाला हे औषध सुरू करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांची संमती आवश्यक केली आहे. मूल वसतिगृहात राहून हे औषध घेत असेल, तर पालकांनी रोजच्या फोनवर गुणांबरोबर मनाचीही चौकशी करावी.

सर्वांत गंभीर बाब गर्भावरील परिणामाची आहे. आयसोट्रेटिनॉइन गर्भारपणात घेतले गेल्यास बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत व चेहऱ्यात जन्मजात व्यंगे येऊ शकतात. औषध चालू असताना आणि थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. आपल्याकडे साखरपुडा झाला की मुलीचा चेहरा नितळ व्हावा म्हणून उपचार सुरू होतात, आणि ‘सासरी कळायला नको’ म्हणून ते झाकून ठेवले जातात. लग्नाची तारीख डॉक्टरांना सांगितलेली नसते, औषधाचे नाव नवऱ्या मुलाला ठाऊक नसते. या मौनाची किंमत एखाद्या निष्पाप जिवाला मोजावी लागू शकते. मुलीच्या आईने किंवा मोठ्या वहिनीने हे तिच्याशी उघडपणे बोलावे.

याच कारणाने आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्याने औषध चालू असताना व नंतर एक महिना रक्तदान करू नये. ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते. महावीर जयंतीला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात आणि तरुण मुले उत्साहाने पुढे येतात. शिबिराच्या अर्जावर औषधांचा रकाना असतो. तो खरेपणाने भरणे हाही दानाचाच भाग आहे.

रक्ताच्या कर्करोगात

‘ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. यात पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले जातात आणि पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीवरच अडकून पडतात. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, कारणाशिवाय अंगावर काळेनिळे डाग उठणे, पाळीत अतिरक्तस्राव होणे, ताप, थकवा ही त्याची लक्षणे. एके काळी हा आजार रक्तस्रावाने काही दिवसांत माणूस नेत असे. शांघायचे डॉक्टर वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला ट्रेटिनॉइन देऊन बरे केले. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला; सर्वांचा आजार आटोक्यात आला होता. नेहमीची केमोथेरपी पेशी मारते; हे औषध अडलेल्या पेशींना परिपक्व होऊ देते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांना ट्रेटिनॉइनबरोबर आर्सेनिक दिल्यावर दोन वर्षांनी ९९ टक्के रुग्ण हयात होते.

इतक्या गुणकारी औषधाचे दुष्परिणामही ठसठशीत आहेत. अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रिकेनुसार ८६ टक्के रुग्णांना डोकेदुखी, ७७ टक्क्यांना त्वचेचा व तोंडाचा कोरडेपणा आणि तितक्याच जणांना हाडांचे दुखणे झाले. सुमारे ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांत रक्तातील चरबी वाढली. डोकेदुखी असह्य झाली, उलट्या होऊ लागल्या, नजर अंधुक झाली, तर मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो; मुलांमध्ये याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

सुमारे चौथ्या हिश्शातील रुग्णांत आणखी एक गंभीर प्रकार होतो. पेशी झपाट्याने बदलू लागल्या की ताप येतो, दम लागतो, अंगावर सूज येते, वजन एकाएकी वाढते, फुप्फुसांभोवती पाणी साठते. हा प्रकार १९९२ मध्ये प्रथम सविस्तर वर्णिला गेला. डेक्सामेथासोन हे औषध वेळीच सुरू केले, तर बहुतेकांना त्यातून बाहेर काढता येते. उशीर झाला तर तो जीवघेणा ठरतो. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याने रोज वजन लिहावे, ताप लिहावा आणि दम लागताच त्याच घटकेला डॉक्टरांना कळवावे. सकाळची वाट पाहू नये.

नांदेडहून देवगिरी किंवा नंदिग्रामने, लातूरहून लातूर एक्सप्रेसने मुंबई गाठणारी कुटुंबे हे उपचार पार पाडून सुखरूप परततात. पण घरी आल्यावर माहितीपत्रिका वाचून कोणी नातलग ‘इतके जहाल औषध बंदच करा’ असे सुचवतो, तेव्हा घात होतो. या आजारात औषध परस्पर थांबवणे हे त्याच्या कोणत्याही दुष्परिणामापेक्षा मोठे संकट आहे. त्याचप्रमाणे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके, बुरशीवरील काही गोळ्या ही औषधे ट्रेटिनॉइनबरोबर मारक ठरू शकतात. मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिनही याच टेट्रासायक्लिन गटातले. ते आयसोट्रेटिनॉइनबरोबरही चालत नाही. घरातील सर्व औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

व्रत, आहार आणि कॅप्सूलचे कवच

या औषधांचा आपल्या आचाराशी तीन ठिकाणी संबंध येतो. पहिली गोष्ट स्निग्ध पदार्थांची. आयसोट्रेटिनॉइन स्निग्ध आहाराबरोबर नीट शोषले जाते. नवपद ओळीच्या नऊ दिवसांत तूप, तेल, दूध वर्ज्य करून आयंबिल केले, तर औषध घेऊनही ते पुरेसे अंगी लागत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कर्करोगावरील ट्रेटिनॉइन दिवसातून दोनदा, अन्नाबरोबर घ्यायचे असते. चौविहार पाळणाऱ्याने दुसरी मात्रा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाबरोबर बसवता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवास करायचा असेल, तरी तो मनाशी ठरवून मग सांगण्याऐवजी आधी सांगावा. तोंड-ओठ कोरडे पडलेल्या रुग्णाला पाणी सोडणे किती त्रासाचे होईल, याचाही विचार व्हावा.

तिसरी गोष्ट कवचाची. या दोन्ही कॅप्सूलचे मऊ कवच सामान्यतः जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. मुरुमांच्या बाबतीत दुसरे उपचार आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येईल. रक्ताच्या कर्करोगात मात्र नुसत्या संशयावरूनही हे औषध तातडीने सुरू करतात, कारण पहिल्या काही दिवसांतील रक्तस्रावच सर्वाधिक बळी घेतो. तेथे विचारविनिमयात दिवस घालवणे परवडत नाही. मन अडखळत असेल तर आपल्या गुरुदेवांना त्याच दिवशी विचारावे. पण कॅप्सूल गुपचूप फेकून ‘घेतली’ असे कोणी सांगू नये.

नोंद कोठे करावी

औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे केंद्रस्थान आहे. डॉक्टर, औषध विक्रेते आणि स्वतः रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार कळवू शकतात. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील त्वचारोग विभागांत तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो.

घरी एक वही ठेवावी. औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख. त्रास कोणता, कधी सुरू झाला, किती वेळ राहिला. त्या दिवशी दुसरे कोणते औषध घेतले. उपवास होता का. व्यापारी घराला हे नवे नाही. रोजमेळ रोज लिहिला तरच फरक सापडतो. महिन्याअखेर आठवून लिहिलेल्या हिशेबावर आपण विश्वास ठेवत नाही. बँकेत चौतीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासताना मी हेच पाहत आलो की नुकसान नावे पडल्याने पेढी बुडत नाही, ते न लिहिल्याने बुडते. देहाच्या खात्यालाही हाच नियम लागू आहे. मलम असो वा कॅप्सूल, त्रास झाला तर तो लिहा, ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांना दाखवा, आणि औषध चालू ठेवायचे की थांबवायचे हे त्यांनाच ठरवू द्या.