माणदेशी महिलांची बचत आणि गावगाड्याची उभारणी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस असलेला माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर येईतो बहुतांशी सरलेला असतो. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, खिल्लार जनावरे आणि शेळ्यामेंढ्यांचे कळप यांवर येथील कुटुंबांचा निर्वाह चालत आला आहे. पाऊस चुकला की पुरुषमंडळी कामधंद्यासाठी बाहेरगावी जातात व घर, शेत आणि गोठा स्त्रियांच्या हाती राहतो. तथापि, कारभार हाती असला तरी पैशाचा व्यवहार त्यांच्या हाती नसे. ही उणीव दूर करण्यासाठी श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने म्हसवड येथे १९९६ साली माणदेशी फाउंडेशन ही सेवाभावी संस्था स्थापन झाली.

बँकेचा परवाना

अल्प रक्कम शिलकीत टाकू इच्छिणाऱ्या मोलकरी स्त्रीचे खाते उघडण्यास बँका राजी नसत. म्हणून स्त्रियांनी स्वतःचीच सहकारी बँक काढण्याचे ठरविले. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. कारण अनेक प्रवर्तक स्त्रियांनी सहीच्या जागी अंगठा उठविला होता. स्त्रिया खचल्या नाहीत. दिवसभराचे काम उरकून त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आपणांस वाचता येत नसले तरी हिशेब येतो, कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखवू, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला.

दारात येणारी बँक

बँकेत जावयाचे म्हणजे रोजगार बुडवावयाचा, ही मोलकरी स्त्रीची मुख्य अडचण होती. म्हणून बँकेचे प्रतिनिधी घरोघरी व बाजारात जाऊन बचत गोळा करू लागले. दररोज १० रुपये बाजूस टाकल्यास वर्षाअखेर ३,६५० रुपये साठतात. अडीअडचणीच्या वेळी हीच रक्कम सावकाराचे दार टाळावयास उपयोगी पडते. पुढे २००६ साली संस्थेने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा सुरू केली. तिचे वर्ग मोटारगाडीतून गावोगावी नेण्यात आले. हिशेब ठेवणे, मालाची किंमत ठरविणे, शिवणकाम, शेळीपालन इत्यादी विषय तेथे शिकविले जातात. शेळ्यांचे कृत्रिम रेतन शिकलेल्या स्त्रिया गावात राहूनच ही सेवा देऊ लागल्या.

दुष्काळातील कसोटी

२०१२-१३ च्या दुष्काळात एक स्त्री दागिने गहाण टाकण्यास बँकेत आली. तिला पैसा हवा होता तो जनावरांच्या वैरणीसाठी. चारशे किलो वजनाच्या जनावरास दररोज सुमारे ८ ते १० किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे महिन्यास अडीचशे ते तीनशे किलो. एवढी वैरण विकत घेऊन किती दागिने पुरणार? शिवाय दुष्काळात जनावर मातीमोल भावाने जाते व पाऊस पडल्यावर तेच दामदुपटीने घ्यावे लागते. बैल गेला की पेरणी अडते. गाय गेली की दूध व शेणखत दोन्ही जाते. केवळ कर्ज देऊन हे संकट टळणारे नाही हे ओळखून संस्थेने म्हसवड येथे चारा-छावणी उघडली. हजारो जनावरांना तेथे वैरण व पाणी मिळाले आणि शेतकऱ्यांचे पशुधन त्यांच्याच दावणीला राहिले. त्यानंतर पाणी अडविण्यासाठी बंधाऱ्यांची कामेही संस्थेने हाती घेतली.

रेडिओ आणि लोककला

गाव केवळ पैशावर जगत नाही. जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, गजीनृत्य आणि सिद्धनाथाची यात्रा ही माणदेशाची ठेव होय. संस्थेने २००८ साली म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केले. पीकपाणी, आरोग्य व बचत यांवरील माहितीबरोबरच गावच्या स्त्री-पुरुषांची गाणी तेथून ऐकविली जातात. आपल्याच बोलीत व आपल्याच गावच्या माणसाने सांगितलेली गोष्ट शेतकऱ्यास लवकर पटते; त्यामुळे उपयुक्त माहितीचा प्रसार सुलभ होतो आणि ओव्या गाणाऱ्या वृद्ध स्त्रीसही गावात मान मिळतो.

अनुकरणीय गोष्टी

प्रत्येक गावात बँक अगर रेडिओ केंद्र काढणे शक्य नाही. तथापि, बचत गटाची रक्कम ठरल्या दिवशी सभासदाच्या दारी जाऊन गोळा करणे, सुगीत कडबा स्वस्त असतानाच सामाईक वैरण साठविणे आणि बैठकीच्या अखेरीस गावच्या ओव्या-गाण्यांना अर्धा तास देणे, या तीन गोष्टी कोणत्याही महिला मंडळास करता येतील. त्यांचा आरंभ येत्या सुगीपासून व्हावा. कारण उन्हाळा लागल्यावर वैरणीचा विचार करणे हे महागात पडते, असाच माणदेशाचा अनुभव आहे.