मोरे म्हणजे मौर्य? आडनावाची साक्ष किती खरी?

परळच्या बारादेवी मंदिरातली भव्य शिवमूर्ती १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना सापडली. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच शिळेत सात आकृती एकमेकींतून वर आणि बाजूंना उमलत जातात. कलेचे अभ्यासक हे शिल्प सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. त्या सुमारास कोकण किनाऱ्यावर राज्य करणाऱ्यांत ‘मौर्य’ नाव लावणारे एक घराणे होते. चंद्रगुप्त आणि अशोक यांचे पाटलीपुत्राचे साम्राज्य इसवी सनापूर्वी १८५ च्या सुमारास संपले. कोकणातले हे मौर्य त्यानंतर कित्येक शतकांनी दिसतात, आणि इसवी सन ६३४ मध्ये कोरलेल्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने त्यांना हरवल्याची नोंद आहे. आज त्याच मूर्तीच्या आसपासच्या चाळींत, परळपासून लालबाग-काळाचौकीपर्यंत, मोरे हे आडनाव पावलोपावली भेटते. महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी ते एक आहे. मग मनात येणारा प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो जुनाही आहे: मोरे म्हणजे मौर्यांचे वंशज का? या प्रश्नाला इतिहास आणि भाषाशास्त्र इतकी वर्षे उत्तर देत आले. आता त्यात आनुवंशशास्त्राला विचारण्यासारखेही बरेच आहे, आणि ते जे सांगते त्यावरून कोणत्याही मराठी आडनावाची साक्ष किती धरायची हे ठरवता येते.

आधी दाव्याची बाजू नीट मांडू, कारण ती लेचीपेची नाही. संस्कृत ‘मौर्य’चे पाली रूप ‘मोरिय’ आहे आणि तिथून ‘मोरे’पर्यंतची वाट ध्वनिनियमांना धरून आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने मराठे, कुणबी आणि कोळी यांच्यातल्या मोरे आडनावात मौर्यांची खूण पाहिली. घारापुरी बेटाच्या ईशान्य टोकाला आणि उरणला ‘मोरा’ नावाचे धक्के आहेत, तेही त्याच नावाचे अवशेष असावेत असे त्यात सुचवले आहे. भाऊच्या धक्क्यावरून उरणला जाणारी लाँच आजही मोऱ्यालाच लागते. कालाचे अंतर भरून काढणारा एक दुवाही आहे. चाळीसगावजवळच्या वाघळीचा शके ९९१, म्हणजे इ.स. १०६९ चा शिलालेख यादवांच्या एका मौर्यवंशीय मांडलिकाचा आहे. त्यानंतर आदिलशाहीत ‘चंद्रराव’ हा किताब मिळवणारे जावळीचे मोरे येतात. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली ती त्यांच्याकडूनच. शिवाय अनेक मोरे घराण्यांत लग्नात देवक बसवताना मोराचे पीस लागते, आणि मौर्यांचा मोराशी संबंध बौद्ध व जैन परंपरांनीही सांगितला आहे. इतक्या गोष्टी एका दिशेने बोट दाखवत असताना ‘हा योगायोग’ म्हणून उठून जाणे प्रामाणिकपणाचे नाही.

तरीही या साखळीतली प्रत्येक कडी तपासली पाहिजे. प्राकृतात ‘मौर्य’चा जसा ‘मोरिय’ होतो तसा ‘मयूर’चाही ‘मोर’ होतो. म्हणजे ज्या कुळाचे देवक मोर होते आणि ज्याचा कोणत्याही राजाशी संबंध नव्हता, तेही शेवटी त्याच नावाला पोहोचू शकते. उलट, आडनाव मोरे आहे म्हणून देवक मोराचे पीस ठरले, असेही घडू शकते. तेव्हा देवक हा आडनावाहून स्वतंत्र पुरावा धरता येत नाही. सारख्या ध्वनीवर किती भिस्त ठेवायची, याचे उत्तम उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तिथल्या लीश प्रांतावर कित्येक शतके सत्ता असलेले घराणे ‘ओ मोर्धा’ होते आणि इंग्रजीत ते ‘ओ’मोर’ असे लिहिले गेले. १६४१ च्या आयरिश उठावाच्या पुढाऱ्यांपैकी एक रोरी ओ’मोर याच घराण्याचा. त्या नावाच्या मुळाशी ‘थोर, भारदस्त’ अशा अर्थाचा आयरिश शब्द आहे. जावळीच्या मोऱ्यांशी त्यांचा काहीही संबंध नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण पुढची गोष्ट जास्त बोधक आहे. ओ’मोर नावातला ‘ओ’ गळाला आणि इंग्रजी राजवटीत त्याचे ‘मूर’ झाले. इंग्लंडमधून येऊन वसलेल्या, ओसाड माळरानावरून नाव पडलेल्या कुटुंबांचे आडनावही ‘मूर’च होते. आज आयर्लंडमध्ये सहज आढळणाऱ्या मूर लोकांत मूळ आयरिश कोण आणि वसाहतवाल्यांचा कोण, हे नावावरून ओळखता येत नाही. वेगवेगळ्या उगमांची नावे सरकारी दप्तरात एकाच लेखनाखाली आली आणि उगम झाकले गेले.

इथे आनुवंशशास्त्र उपयोगी पडते, कारण आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. वाय गुणसूत्रावर काही छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि त्यांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तशीच राहते, क्वचित एखाद्या पिढीत एकाने कमी-जास्त होते. अशा अनेक ठिकाणच्या संख्या जुळल्या, तर दोन पुरुषांचा पूर्वज फार दूरचा नाही असे मानता येते. ब्रिटनमध्ये २००० साली ‘साइक्स’ आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्यांचे गुणसूत्र एकाच ठशाचे निघाले. पुढे तिथेच एकच आडनाव लावणाऱ्या दीडशे जोड्या तपासल्या, तेव्हा साधारण चौथ्या हिश्शाच्या जोड्यांत जवळचा समान पूर्वज दिसला. आडनाव जितके दुर्मीळ तितके नाते दाट, आणि ‘स्मिथ’सारख्या धंद्यावरून पडलेल्या सर्वत्र पसरलेल्या नावात ते जवळजवळ शून्य. आयर्लंडमधली आडनावे युरोपातल्या सर्वांत जुन्या वंशपरंपरागत आडनावांत मोडतात, साधारण हजार वर्षांची. तिथेही काही आडनावांत एकाच मूळपुरुषाची छाप ठळक आहे, तर काहींत अनेक मूळपुरुष दिसतात.

मराठी आडनावांत हे नाते याहून सैल असणार, असे माझे मत आहे, आणि त्याला कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे आपल्याकडे आडनाव ही तुलनेने नवी आणि पातळ गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातली जमिनीची आणि कर्जाची मराठी कागदपत्रे चाळली, तर माणूस ‘अमुक बिन तमुक’ असा आणि बाई ‘अमुक कोम तमुक’ अशी नोंदलेली सापडते. आडनाव असलेच तर त्याच्या पुढे. कुळ आणि आडनाव या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. तुकोबांच्या घराचे कुळ मोरे आणि आडनाव आंबिले. त्यांचे देहूतले वंशज आज मोरे हेच नाव लावतात. दुसरे कारण दत्तक. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि राजर्षी शाहू छत्रपती झाला. नाव भोसल्यांचे राहिले, बापाकडून आलेले गुणसूत्र घाटग्यांचे. वतन, देवस्थान, शेती टिकवण्यासाठी असे दत्तक गावोगाव झाले. त्यात युरोपीय अभ्यासांत गृहीत धरली जाणारी दुसरी गळतीही, म्हणजे नोंदलेला बाप आणि जन्मदाता बाप वेगळा असणे, मिळवू. ही सगळी गळती दर पिढीला अवघी दोन टक्के धरली, तरी पन्नास पिढ्यांनंतर नाव आणि गुणसूत्र एकत्र राहण्याची शक्यता छत्तीस टक्क्यांवर येते. ऐहोळेच्या शिलालेखापासून आजवर साधारण तेवढ्याच पिढ्या झाल्या आहेत.

तिसरे कारण सामाजिक आहे आणि त्यातच सर्वांत मोठा आक्षेपही दडलेला आहे. मोरे हे आडनाव मराठ्यांत आहे तसे कुणबी, कोळी, महार, धनगर आणि इतर अनेक समाजांत आहे. ‘एका राजघराण्याची शाखा एवढ्या जातींत कशी पसरेल?’ असा प्रश्न विचारून काहीजण संपूर्ण दावाच फेटाळतात. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. देशमुख, पाटील, सरदार यांच्या पदरी असलेली माणसे धन्याचे नाव घेत, एका गावच्या निरनिराळ्या जाती एकाच आडनावाने ओळखल्या जात, आणि आयर्लंडमध्येही सरदाराच्या आश्रयाला राहिलेल्या कुटुंबांनी त्याचेच नाव लावलेले आहे. तेव्हा नाव अनेक जातींत आहे एवढ्यावरून मौर्य मूळ खोटे ठरत नाही. मात्र एकाच रक्ताचा दावा मोडतो. आणि या सर्व मोऱ्यांपैकी खरे कोण आणि नावापुरते कोण, अशी प्रतवारी लावण्याला तर काहीच आधार उरत नाही. राजाचे नाव राजाच्या शेतात राबणाऱ्याकडेही तितक्याच हक्काने आलेले असू शकते.

परळमध्ये हे आडनाव इतके दाट का, याचे उत्तर मौर्यांपर्यंत जाऊन मिळणार नाही. ते गिरण्यांच्या भरतीत आहे. गिरणीत माणूस लावण्याचे काम जॉबर करीत असे, आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसे आणीत असे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इथून आलेला नवखा गडी गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा आणि खाणावळीत जेवायचा. मग जागा मिळाली की त्याच चाळीत बिऱ्हाड करायचा. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. एका खोऱ्यातले, एका आडनावाचे लोक एकाच मजल्यावर राहण्याचे कारण ही साखळी. आता यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकाच गावातून, एकाच भावकीतून आलेल्या चार मोरे कुटुंबांत रक्ताचे नाते असण्याची शक्यता दाट आहे. शेजारच्या मजल्यावरच्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मोऱ्यांशी ती फारच कमी आहे. म्हणजे पुरावा म्हणून आडनावाला एकटे उभे केले तर ते कमकुवत आहे. गाव, देवक आणि कुलदैवत ही तिन्ही जोडली की ते बळकट होते. लग्न जमवताना मोठी माणसे नेमकी हीच चौकशी करीत असत आणि शास्त्राच्या कसोटीवर ती पद्धत बरोबर उतरते.

आडनावावरून रक्तसंबंध मोजण्याचा प्रयत्न नवा नाही. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने १८७५ साली, नवरा-बायकोचे माहेर-सासरचे आडनाव एकच असलेल्या लग्नांवरून इंग्लंडमधल्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांचे प्रमाण काढले. ही युक्ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. महाराष्ट्रात ती सपशेल फसते. आपल्याकडे सकुळ, सदेवक लग्न निषिद्ध आणि मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत मान्य. त्यामुळे आडनावे नेहमी वेगळी निघतात आणि मोजणी सांगते की नात्यात लग्न होतच नाही. खरी परिस्थिती रक्तपेढीत दिसते. ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि तो परळच्याच सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातल्या कामातून आला. सामान्य ‘ओ’ गटाच्या पेशींवर असणारा ‘एच’ घटकही या लोकांच्या पेशींवर नसतो, म्हणून त्यांना फक्त आपल्याच गटाचे रक्त चालते. भारतात साधारण दहा हजारांत एकाला हा गट असतो. तो प्रकट व्हायला आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, म्हणून नात्यातल्या लग्नांच्या कुटुंबांत तो अधिक सापडतो. हे जनुक वाय गुणसूत्रावर नाही. ते आईच्या माहेरातूनही येते, तिथे आडनाव दुसरे असते. रुग्णाचे आडनाव पाहून त्याच्या घराण्यात कोणता आनुवंशिक दोष असेल असा अंदाज बांधणाऱ्याला म्हणूनच वारंवार चकावे लागते. हिमोफिलिया तर मुलाकडे आईकडूनच येतो. आडनाव दहा पिढ्या मागच्या १,०२४ पूर्वजांतून एकच सरळ रेषा निवडते आणि उरलेल्या १,०२३ जणांबद्दल गप्प राहते.

मग मोरे-मौर्य प्रश्नाची परीक्षा घ्यायची कशी? जावळी खोरे, खानदेश, कोकण आणि देश अशा चार भागांतले, निरनिराळ्या जातींतले मोरे पुरुष घ्यावेत. शेजारी तुलनेसाठी त्याच गावांतले, त्याच जातींचे पण दुसऱ्या आडनावाचे पुरुष घ्यावेत. प्रत्येकाचे देवक व कुलदैवत नोंदवून वाय गुणसूत्रे ताडून पाहावीत. जावळीत एक दाट पुंजका आणि इतरत्र अनेक सुटे पुंजके सापडतील, अशी माझी अपेक्षा आहे. पण सर्वत्र एकच पुंजका निघाला तरी घाईने निष्कर्ष काढता येणार नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली विचारलेला आणि हेन्री वॉटसनने सोडवायला घेतलेला वंशलोपाचा प्रश्न इथे आडवा येतो. स्थिर लोकसंख्येत प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा धरला, तर केवळ योगायोगाने दहा पिढ्यांत शंभरातल्या सुमारे चौऱ्याऐंशी पुरुषरेषा खुंटतात. सुरुवातीला पुष्कळ मूळपुरुष असलेले नावही कालांतराने एका-दोघांचे वाटू लागते. आणि पुंजका सापडला, तरी त्याच्यावर नाव लिहिलेले नसते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००६ साली वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या पुरुषांत एक समान वाय गुणसूत्र शोधले आणि ते पाचव्या शतकाच्या आसपासचा दंतकथाप्राय राजा नीयल याच्या घराण्याशी जोडले. पुढच्या संशोधनात ती खूण नीयलच्या काळापेक्षा जुनी असल्याचे दिसले. मोऱ्यांच्या बाबतीतही तपासणी फार तर इतके दाखवेल की अमुक इतक्या पुरुषांचा एक पूर्वज अमुक शतकांपूर्वी होऊन गेला. तो मौर्य होता असे म्हणायला एखाद्या कोकणच्या मौर्याची खात्रीने ओळख पटलेली अस्थी हाताशी लागेल आणि तिच्यातून वाचता येईल असे वाय गुणसूत्र मिळावे लागेल.