लकवा झालेल्या माणसाला पत्ते शिकवताना: घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

"डॉक्टरसाहेब, बाबा दिवसभर नुसते छताकडं पाहायलेत. पुण्याहून पोरगं आलंय, ते म्हणतंय आजोबांना पोकर शिकवतो. शिकवू द्यायचं का?"

नांदेड-लातूर भागातल्या घरांतून असा प्रश्न येतो तेव्हा विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोच असतो. आपल्याकडे पत्ते म्हटले की पारावरचा अड्डा, दिवाळीतली तीन पत्ती आणि गेलेले पैसे आठवतात. माळकरी घरात तर पत्त्यांचा जोड आणणेही अवघड. तरी माझे उत्तर बहुतेक वेळा "जरूर शिकवा" असेच असते. मात्र पोकरपासून सुरुवात करू नका, आणि पैसे लावू नका. एका गटातल्या रुग्णांच्या बाबतीत मी अधिक सावध असतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

पत्त्यांनी खरेच काही होते का?

लकव्यानंतरच्या हाताच्या व्यायामाचा एक अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. चार देशांतल्या १४१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाने हाताच्या हालचालींवर चालणारा व्हिडिओ गेम खेळला, दुसऱ्याने पत्ते, बिंगो असे साधे खेळ खेळले. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रे झाली. नेहमीची फिजिओथेरपी दोन्हीकडे चालूच होती. हात दोन्ही गटांत सुधारला आणि महागडा गेम पत्त्यांपेक्षा सरस ठरला नाही. ज्यांना मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी ही बातमी फार मोलाची आहे.

स्मृतिभ्रंशाबाबत मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. न्यू यॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांना साधारण पाच वर्षे तपासत राहिले. बैठे खेळ किंवा पत्ते खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण खेळल्यामुळे आजार टळला, की ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच खेळत राहिले, हे अशा अभ्यासातून पक्के कळत नाही. म्हणून "पत्ते खेळा, विसराळूपणा जाईल" असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका.

मला दिसणारा फायदा याहून साधा आहे. लकव्यानंतर तीनातल्या साधारण एका रुग्णाला नैराश्य येते. घरचे औषध देतात, जेवू घालतात, पण त्याच्यासमोर बसून बोलायला विषय उरत नाही. पत्ते हातात असले की तो विषय आपोआप मिळतो.

आधी बदाम सात, मग मेंढीकोट

पोकर नवशिक्याला कठीण का जाते ते पाहा. पाच पानांच्या दहा प्रकारच्या जुळण्या आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवायचा, समोरच्याची झाकलेली पाने ताडायची, वर आपला चेहरा कोरा ठेवायचा. लकवा मेंदूच्या पुढच्या भागाला लागला असेल तर नेमकी हीच कामे जड जातात. पहिल्याच दिवशी तीन डाव हरलेला माणूस चौथ्या दिवशी पत्त्यांना हात लावत नाही.

म्हणून बदाम सातने सुरुवात करा. सगळी लावलेली पाने समोर उघडी असतात, लक्षात काही ठेवावे लागत नाही. पूर्ण जोडही नको. फक्त बदाम आणि इस्पिक घ्या. २६ पाने तिघांत वाटली की प्रत्येकाकडे आठ-नऊच येतात. हे जमले की चौकट आणि किलवर वाढवा. मग गुलाम चोर, पाच-तीन-दोन, आणि चार माणसे असतील तर मेंढीकोट. पाच-तीन-दोनमध्ये हुकूम कोणता ते विसरायला होते. त्या रंगाचे एक पान जुन्या जोडातून काढून समोर उभे करून ठेवा.

रुग्ण पूर्वी कुठला खेळ खेळत असेल तर तोच आधी काढा. तरुणपणी मेंढीकोट खेळलेल्या माणसाला सकाळचा नाश्ता आठवत नसला तरी उतारी कशी करायची ते हातालाच आठवते. अंगवळणी पडलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या असतात.

स्मरणशक्ती कमी झालेल्याला नवे शिकवताना "आठवा बरं, आता काय टाकायचं?" असे विचारू नका. तो अंदाजाने चुकीचे पान टाकतो आणि पुढच्या वेळी चूकच लक्षात राहते. आधी योग्य पान दाखवा, त्याला टाकू द्या, आणि हळूहळू मदत कमी करा. मुद्दाम हरूही नका. त्यांना कळते, आणि ते हरण्यापेक्षा जास्त लागते.

हात, डोळे आणि बोलणे

एका हाताने पाने धरणे आणि टाकणे जमत नाही. परातीत चार बोटे ज्वारी ओतून त्यात पाने उभी करा, किंवा कपडे धुण्याचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या दात्यांत खोचा. गुळगुळीत टेबलावरून पान उचलता येत नाही, त्यासाठी खाली जाड टॉवेल अंथरा. पिसायला पाने पसरून दुबळ्या हाताने कालवू द्या, वेळ लागला तरी चालेल. तो हात मांडीवरून खाली लोंबकळू देऊ नका, खांदा दुखावतो. उशीवर किंवा टेबलावर ठेवा.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल तर काही रुग्णांचे डावीकडे लक्षच जात नाही. हातात सत्ती असताना "नाही माझ्याकडं" म्हणतात, आणि घरचे चिडतात. त्यांना ती दिसतच नसते. डाव्या कडेला लाल फीत लावा आणि प्रत्येक वेळी फितीपासून पाने बघायला सांगा. बोलणे गेलेल्या रुग्णाला "इस्पिकचा गुलाम" म्हणता येणार नाही, पण बोटाने दाखवता येईल. तेवढ्यावर डाव चालतो. त्याच्या वतीने घाईघाईने बोलून टाकू नका.

वीस ते तीस मिनिटे पुरे. डोळे मिटायला लागले, चिडचिड वाढली की डाव तिथेच मोडा.

कोणाच्या बाबतीत सावध राहायचे

पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधे असतात. त्यांनी थरथर आणि ताठरपणा कमी होतो, पण काहींच्या मनात अनावर ओढ निर्माण होते, खरेदीची, खाण्याची किंवा जुगाराची. ३,०९० रुग्णांच्या एका अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात सुमारे ५ टक्के रुग्णांत जुगाराची अशी समस्या आढळली. जन्मभर पत्त्याला हात न लावलेला, पेन्शनीत पै-पै जपणारा माणूस गुपचूप पैसे लावू लागतो. मानसिक आजारावरच्या अरिपिप्राझोल या औषधानेही क्वचित असे होते. घरचे याला म्हातारचळ म्हणतात आणि लाजेने सांगत नाहीत. कृपया सांगा. औषध स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका, त्यानेही त्रास होतो. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात.

अशा रुग्णाला खेळायचे असेल तर चिंचोक्यांवरही पैज नको. आणि सरावासाठी म्हणून मोबाइलवर रमी उतरवून देऊ नका, मग तो रुग्ण कोणताही असो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, तरी मेसेजमधून आलेल्या लिंकवर बोट पडायला वेळ लागत नाही. बँकेचे मेसेज घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरही येतील अशी सोय करा. पैसे गेल्याचे कळले तर भांडण्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येते. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत.

नातवाचे पोकर राहिलेच. बदाम सात आणि पाच-तीन-दोन सहज जमायला लागले, लक्ष अर्धा तास टिकू लागले, की शिकवू द्या. पहिले काही डाव सगळ्यांची पाने उघडी ठेवून खेळा.

आणि खेळता खेळता हातातली पाने अचानक गळाली, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर "दमले असतील" म्हणून झोपवू नका. ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.