सहा किलोच्या बाळाला औषध किती?

दहा किलो ज्वारीला ४०० रुपये, तर एक किलोला किती? ४० रुपये. या हिशेबाला त्रैराशिक म्हणतात. बाजारात तो चोख चालतो. तान्ह्या मुलाच्या औषधात मात्र तो चालत नाही. का चालत नाही, ते पाहू.

फ्लू हा साथीचा ताप. तो विषाणूमुळे होतो. ताप चढतो, अंग ठणकते, खोकला येतो. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठून कामाला लागतो. तान्ह्या मुलाचे तसे नाही. त्याला धाप लागते, ते अंगावर प्यायचे सोडते. काही मुले दगावतातही.

या विषाणूवर ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा 'टॅमिफ्लू' हे नाव घरोघर ऐकू आले. ते हेच औषध. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळी एक, संध्याकाळी एक, असे ५ दिवस देतात. एका ग्रॅमचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिग्रॅम.

अमेरिकेत हे औषध १९९९ साली मोठ्यांसाठी मंजूर झाले. २००० साली ते एक वर्षावरील मुलांसाठीही मंजूर झाले. वर्षाच्या आतल्या बाळांचे काय? उंदरांच्या नवजात पिल्लांना या औषधाचा फार मोठा डोस दिला, तेव्हा पिल्ले मेली. म्हणून २००३ साली डॉक्टरांना इशारा मिळाला, की एवढ्या लहानांना हे देऊ नका. पण फ्लू काही वय विचारून येत नाही!

तेव्हा चाचणी घेणे आले. डॉ. डेव्हिड किंबरलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००६ ते २०१० या काळात ती अमेरिकेत घेतली. दोन वर्षांच्या आतली ८७ मुले तीत होती. सगळी फ्लूने आजारी असलेली. अशा चाचणीला आईबापांची लेखी संमती लागते. कागद वाचायचा, शंका विचारायच्या, मगच सही करायची. नको म्हणण्याचाही हक्क असतो.

चाचणी कशी करतात? औषध पोटात गेले की यकृत त्याचे रूप बदलते. हे बदललेले रूपच विषाणूशी झगडते. पुढे मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून डोस दिल्यावर ठरावीक वेळाने थोडेसे रक्त काढतात आणि त्यात औषध किती उरले ते मोजतात. अगदी थोडे काढावे लागते; एवढ्याशा जिवात रक्त ते किती! औषध कमी भरले तर विषाणूला आवर बसत नाही. जास्त झाले तर अपायाची भीती.

आता त्रैराशिक करून पाहा. साठ किलोच्या माणसाला ७५ मिलिग्रॅम, तर सहा किलोच्या बाळाला किती? साडेसात. चाचणीतून काय निघाले? आठ महिन्यांपर्यंतच्या बाळाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे १८! दुपटीहून जास्त. कारण असे की वजनाच्या मानाने पाहिले, तर बाळाचे शरीर हे औषध लवकर बाहेर टाकते. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलांना किलोमागे साडेतीन लागले. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलांना ३० मिलिग्रॅमचा डोस आधीच मंजूर होता. तो घेणाऱ्या १० मुलांपैकी ६ जणांच्या रक्तात औषध कमी भरले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे मात्र उलटे असते. त्याची मूत्रपिंडे कच्ची, औषध अंगात रेंगाळते, म्हणून त्याला किलोमागे कमीच द्यावे लागते.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने दोन आठवड्यांपासूनच्या बाळांसाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम हा डोस मंजूर केला. तोही दिवसातून दोनदा, ५ दिवस.

डोस ठरला तरी तो मोजून देणे राहतेच. २००९ साली अमेरिकेत या पातळ औषधाबरोबर मिळणाऱ्या सिरिंजवर मिलिग्रॅमच्या खुणा असत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी मिलिलिटरमध्ये. चांगले शिकलेले आईबापही गोंधळले. तेव्हा एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम औषध असे. २०११ साली ते ६ केले आणि सिरिंजवर मिलिलिटरच्या खुणा आल्या. म्हणजे १८ मिलिग्रॅमसाठी नव्या बाटलीतले ३ मिलिलिटर, जुन्या बाटलीतले दीडच. म्हणून बाटलीवरचा हा आकडा आधी वाचावा. चिठ्ठी आणि सिरिंज यांचा मेळ बसेना, तर डॉक्टरांना विचारावे. मोठ्यांची कॅप्सूल फोडून अंदाजाने बाळाच्या तोंडात घालू नये. चहाचा चमचाही नको. घराघरांतले चमचे लहानमोठे असतात. आणि दवाखान्यात बाळाचे वजन त्याच दिवशी करून घ्यावे. अंगणवाडीच्या कार्डावरचे मागल्या महिन्याचे वजन सांगू नये.